एका पावलापुरता उजेड

‘देवा, तू नेशील तिकडे मी येईन’ असे सांगणारी गीते ख्रिस्ती उपासनेत शेकड्यांनी सापडतील. म्हणायला ती सोपी असतात. चाल गोड असते, भोवती मंडळी असते, आणि आपण नेमके काय देऊन टाकले याचा हिशेब त्या वेळी कोणी मागत नाही. जॉन हेन्री न्यूमन यांचे ‘लीड, काइंडली लाइट’ हे गीत याच रांगेतले, पण त्याची जात निराळी आहे. तीन कडवी, अठरा ओळी. एवढ्याशा जागेत समर्पण म्हणजे काय सोडणे, काय मागणे आणि काय मागायचे टाळणे, याचा चोख हिशेब न्यूमननी मांडला आहे. हे गीत जगभर पसरले ते त्याच्या सुरांवर. पण सूर बाजूला ठेवून नुसते वाचायला घेतले, की त्यातला कठोर विचार दिसू लागतो.

गीत लिहिले गेले जून 1833 मध्ये. न्यूमन तेव्हा 32 वर्षांचे होते. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजचे फेलो, विद्यापीठाच्या सेंट मेरीज चर्चचे पाळक, बुद्धीची धार सगळ्यांना ठाऊक असलेले. डिसेंबर 1832 मध्ये हरेल फ्राउड हा मित्र आणि त्याचे वडील यांच्याबरोबर ते भूमध्य समुद्राच्या सफरीवर निघाले. माल्टा, कॉर्फू, नेपल्स करत मंडळी रोमला पोहोचली. तिथून फ्राउड पितापुत्र घरच्या वाटेला लागले. न्यूमनना मात्र सिसिली पुन्हा पाहायची होती. ते एकटेच गेले. मे महिन्यात बेटाच्या आतल्या भागात, लेऑनफोर्ते या गावी, तापाने त्यांना गाठले. जेनारो नावाचा एक इटालियन नोकर तेवढा सोबतीला. पुढे कास्त्रोजोव्हान्नी गावात, म्हणजे आजच्या एन्नात, ते अंथरुणाला खिळून राहिले. जगण्याची आशा थोडी होती.

या आजारपणातल्या दोन गोष्टी गीताच्या वाचकाने ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे, आपण मरणार नाही असे ते नोकराला सांगत, आणि कारण देत की आपण प्रकाशाविरुद्ध पाप केलेले नाही. दुसरी गोष्ट याच्या उलट टोकाची. सिसिलीला एकट्याने येणे हा आपला हट्ट होता आणि हा ताप त्या हट्टाची शिक्षा आहे, ही टोचणी त्यांना लागली होती. आजारपणाची जी हकिगत त्यांनी मागाहून लिहिली, तिच्यात हे नोंदवलेले आहे. एकाच तापात एवढा विश्वास आणि एवढा पश्चात्ताप. गीताची पहिली दोन कडवी याच जोडीतून निघाली आहेत.

बरे वाटल्यावर ते पालेर्मोला आले. घरची ओढ अनावर झालेली, इंग्लंडमध्ये आपल्याला काही काम करायचे आहे ही भावना मनात घर करून बसलेली, आणि जहाज मिळेना. जवळजवळ तीन आठवडे असेच गेले. शेवटी मार्सेलीसला संत्री घेऊन निघालेल्या एका गलबतात जागा मिळाली. कॉर्सिका आणि सार्डिनिया या बेटांच्या मधल्या बोनिफाचोच्या सामुद्रधुनीत वारा पडला आणि गलबत आठवडाभर जागच्या जागी उभे राहिले. 16 जून ही तारीख घातलेले हे गीत त्या प्रवासात, समुद्रावर लिहिलेले आहे. ‘मला पुढे ने’ अशी विनवणी ज्या माणसाने केली, त्याचे वाहन त्या दिवसांत इंचभरही पुढे सरकत नव्हते. शिडाचे जहाज हाकारून चालत नाही. वारा येईल तेव्हाच ते निघणार. घाई झालेल्या माणसाला याहून कडक शाळा मिळणे अवघड.

गीत 1834 मध्ये एका मासिकात छापून आले. 1868 च्या आपल्या काव्यसंग्रहात न्यूमननी त्याला ‘मेघस्तंभ’ या अर्थाचे नाव दिले. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला संदर्भ लगेच कळतो. मिसर देशातून निघालेल्या इस्राएल लोकांपुढे देव दिवसा मेघस्तंभाच्या आणि रात्री अग्निस्तंभाच्या रूपाने चालत असे, हे निर्गमाच्या तेराव्या अध्यायात आहे. पण गणनेच्या नवव्या अध्यायात याचाच पुढचा भाग येतो आणि तो सहसा कुणी सांगत नाही. मेघ निवासमंडपावरून उठला, की तळ हलवायचा. मेघ थांबला, की थांबायचे. मग ते थांबणे दोन दिवसांचे असो, महिन्याचे असो की वर्षाचे. म्हणजे मार्गदर्शनात चालणे जितके आहे, तितकेच खोळंबणेही आहे. वारा पडलेल्या गलबतावरच्या माणसाने आपल्या गीताला हे नाव द्यावे, यात मोठे औचित्य आहे.

पहिले कडवे सरळ विनवणीने उघडते. भोवती अंधार दाटलेला आहे, रात्र काळी आहे, घर दूर आहे. आणि देवाला हाक मारली आहे ती ‘प्रकाश’ म्हणून, दयाळू प्रकाश म्हणून. प्रकाशाला दयाळू म्हणणे वरवर साधे वाटते. पण सिसिलीत ज्याने प्रकाशाच्या भरवशावर मरण नाकारले, त्याच्या तोंडी हे विशेषण सजावटीचे राहत नाही. प्रकाश दाखवतो तसा उघडाही पाडतो. ज्याला आपला हट्ट दिसला आहे, त्याला तो प्रकाश दयाळूच असायला हवा. एरवी त्याच्यासमोर उभे राहवणार नाही.

मग येते या गीताचे मर्म. न्यूमन दूरचे दृश्य पाहायला मागत नाहीत. पुढच्या एका पावलापुरते दिसले तरी त्यांना पुरे आहे. मागणी किती लहान केली आहे पाहा. मुक्कामाचा पत्ता त्यांना नको, किती दिवस लागतील हे कळायला नको, वाट बरोबर असल्याची हमीसुद्धा नको. रात्री कंदील घेऊन शेताच्या बांधावरून जाणाऱ्याला दोन हातांपलीकडचे दिसत नाही, पण तो घरी पोहोचतो, कारण कंदील त्याच्याबरोबर सरकत असतो. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रातला दिवाही पावलांसाठीच आहे, क्षितिजासाठी नाही.

या कडव्यात आणखी एक बारकावा आहे. न्यूमन आपली पावले सांभाळायला सांगतात, उचलून न्यायला सांगत नाहीत. मराठी वाचकाला इथे तुकोबांचा तो प्रसिद्ध अभंग आठवल्याशिवाय राहणार नाही, ज्यात विठ्ठल सांगाती होऊन हाताला धरून चालवतो आणि भक्ताचा भारही वाहतो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे रेव्हरंड नारायण वामन टिळक सांगत, आणि मराठी ख्रिस्ती भक्तिगीतांत ती जवळीक आजही जाणवते. न्यूमनच्या गीतात ही ऊब नाही. हात नाही, बोलणे नाही, स्पर्श नाही. उजेड आहे आणि चालणारे पाय आहेत. पाय आपलेच, ठेच लागली तर ती आपल्यालाच. देवाच्या स्वाधीन झालेला माणूस इथे हातपाय गाळून बसलेला नाही. त्याला प्रत्येक पाऊल स्वतःच टाकायचे आहे, फक्त दिशा ठरवण्याचा हक्क त्याने सोडला आहे.

तो हक्क सोडणे किती जड गेले, हे दुसरे कडवे सांगते. माझ्या मते गीताचा कणा हाच आहे. मी नेहमी असा नव्हतो, अशी कबुली इथे आहे. तू मला न्यावेस अशी प्रार्थना मी कधी केली नव्हती. माझी वाट मीच निवडावी, मीच पाहावी, हे मला आवडे. पुढे त्यांनी दिवसाच्या झगमगाटाचे आकर्षण कबूल केले आहे, आणि मनात भीती असतानाही आपल्या इच्छेवर गर्वाचेच राज्य होते हे मान्य केले आहे. मागची वर्षे आठवू नकोस, या याचनेवर कडवे संपते. पंचविसाव्या स्तोत्रात दाविदाने तारुण्यातल्या पातकांबद्दल केलेली विनंती त्यामागे ऐकू येते.

या कडव्यात दोन गोष्टी विलक्षण आहेत. पहिली म्हणजे दिवस आणि रात्र यांची अदलाबदल. भक्तिकाव्यात सहसा रात्र म्हणजे पाप आणि दिवस म्हणजे कृपा. इथे दोषी ठरतो तो दिवस. लख्ख उन्हात दिवा लावून ठेवला तरी दिसत नाही. सगळे काही आपल्याला दिसते आहे असे वाटत असताना दाखवणाऱ्याची गरज भासत नाही. दयाळू प्रकाश दिसायला रात्र पडावी लागली. संकटालाही कृपेचे एक रूप मानणारा हा विचार उपदेशाच्या सुरात मांडला असता तर तो कोरडा वाटला असता. न्यूमननी तो स्वतःच्या कबुलीत मुरवला, म्हणून तो पटतो.

दुसरी गोष्ट म्हणजे भीती आणि गर्व यांची जोडी. भ्यालेला माणूस नम्र होतो असे आपण धरून चालतो. न्यूमन सांगतात की भीती असूनही गर्व हटला नाही. हे निरीक्षण स्वतःला बारकाईने तपासणाऱ्याचे आहे. आपण धास्तावलेले असतो आणि तरीही सुकाणू सोडत नाही. उलट जितकी धास्ती अधिक तितकी सुकाणूवरची मूठ घट्ट. हे ज्याने स्वतःत पाहिले नाही, त्याचे समर्पण वरवरचे राहते.

ख्रिस्ती समर्पणाचा मूळ नमुना गेथशेमाने बागेत आहे, आणि तिथेही मर्जी लपवलेली नाही. हा प्याला टळावा, हे येशू आधी स्पष्ट मागतो. मग पित्याच्या इच्छेला मान तुकवतो. इच्छाच नसलेला माणूस काय समर्पण करणार? न्यूमनच्या दुसऱ्या कडव्यात असेच आधी स्वतःच्या इच्छेचे नाव घेतले आहे. फरक एवढाच, की येशूची इच्छा निष्पाप होती आणि न्यूमनची हट्टाने डागाळलेली. म्हणून बागेत प्रार्थनाच आहे, आणि इथे प्रार्थनेत क्षमायाचना मिसळली आहे.

तिसऱ्या कडव्यात सूर बदलतो. इतका काळ ज्या सामर्थ्याने सांभाळले, ते यापुढेही नेईलच, असा भरवसा बोलू लागतो. वाट कशी असेल तेही आता दिसते: माळरान, दलदल, कडा, फेसाळता ओढा. कवी समुद्रावर आहे, पण त्याच्या डोळ्यांसमोर जमीन आहे, आणि तीही उन्हाळी सिसिलीची वाटत नाही, उत्तरेकडच्या ओल्या, धुकट मुलखाची वाटते. घराची आठवण भूगोलातून झिरपली आहे. शिवाय या चार जागांत धोके दोन प्रकारचे आहेत. माळ आणि दलदल रुतवतात. कडा आणि ओढा घात करतात. आयुष्यात माणूस संपतो तो याच दोन रीतींनी, हळूहळू खचून किंवा एकदम कोसळून. दोन्हींतून नेणारा एकच उजेड आहे, हे कवी काही न सांगता सांगून जातो.

आता रचना पाहू. प्रत्येक कडव्यात लांब ओळीमागे एक आखूड ओळ येते, पुन्हा लांब, पुन्हा आखूड, आणि शेवटी दोन लांब ओळी. इंग्रजी शब्द जवळजवळ सगळे एकेका उच्चाराचे, लहान मुलालाही कळतील असे. त्या आखूड ओळी पावलांसारख्या पडतात. त्यांतच पुढे नेण्याची विनवणी पुन्हा पुन्हा येते, पण दर वेळी तिचे व्याकरण बदलते. पहिल्या कडव्यात ती आज्ञार्थी आहे, दोनदा. दुसऱ्यात ती आधी भूतकाळात जाते, जेव्हा ही प्रार्थना केलीच नव्हती, आणि मग वर्तमानात येऊन पुन्हा विनवणी होते. तिसऱ्यात ती भविष्यकाळात जाते आणि विनवणीची जागा खात्री घेते. मग सहाव्या आणि शेवटच्या आखूड ओळीत ती नाहीशीच होते; तिच्या जागी रात्र सरल्याचे शब्द येतात. नेणे संपले, कारण पोहोचलो. अठरा ओळींत एका क्रियापदाच्या रूपांनी पश्चात्तापापासून विश्वासापर्यंतचा सारा प्रवास करून दाखवला आहे. कारागिरी अशी, की गाणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

पहाट होते, पण तिच्यात राजवाडा नाही, सिंहासन नाही, रत्नजडित वेशी नाहीत. फक्त चेहरे आहेत: देवदूतांचे म्हणावेत असे, पूर्वी जीव लावलेले आणि थोड्या काळापुरते दुरावलेले. हे चेहरे कोणाचे? न्यूमन यांची धाकटी बहीण मेरी जानेवारी 1828 मध्ये अचानक वारली होती आणि ते दुःख त्यांनी जन्मभर बाळगले. म्हणून वाचक तिची आठवण काढतात. 1879 मध्ये एका परिचिताने पत्रातून विचारलेच. न्यूमननी उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा: पन्नास वर्षांपूर्वी घरच्या ओढीने किंवा बोट लागल्याने मनाची जी अवस्था झाली होती, तिचा अर्थ आज सांगायला कवी बांधील नाही. उत्तर मिस्कील आहे आणि शहाणेही. दूरचे दृश्य नको म्हणणाऱ्या कवीने पहाटेचे दृश्यही पुरते उलगडू नये, हे गीताला धरूनच झाले.

गीतावर एक आक्षेप जुना आहे. यात ख्रिस्ताचे नाव नाही. एडवर्ड बिकरस्टेथ या गीतसंग्राहक धर्मगुरूंना ही उणीव इतकी खुपली, की त्यांनी आपल्या संग्रहात चौथे कडवे जोडून दिले. त्यात तारणाऱ्याचा नामोल्लेख आहे, तो स्वतः ज्या बिकट वाटेने गेला तिचा उल्लेख आहे, बालकासारख्या विश्वासाने घरी जाणे आणि सार्वकालिक जीवनाची विश्रांती आहे. सिद्धांत म्हणून त्यात वावगे काहीच नाही. न्यूमनना मात्र ती भर रुचली नाही, आणि रसिकालाही रुचू नये. बालकासारखा विश्वास हवाहवासा खरा, पण दुसरे कडवे लिहिणारा माणूस बालक उरलेला नाही. त्याने गर्व पाहिला आहे, वाट निवडण्याची चैन भोगली आहे. त्याचा विश्वास हरवून परत मिळवलेला आहे. शिवाय ज्याने क्षितिज मागायचे नाही असे ठरवले, त्याच्या हातात शेवटी क्षितिजाचे चित्र देणे म्हणजे पहिले कडवे खोडणे होय. नाव नसले तरी ज्याने स्वतःला जगाचा प्रकाश म्हटले, तो ख्रिस्ती वाचकाला इथे ओळखू येतोच.

एक पाऊल पुरे, असे लिहिणे वेगळे आणि तसे जगणे वेगळे. न्यूमन 9 जुलै 1833 रोजी घरी पोहोचले. पाचच दिवसांनी जॉन कीबल यांनी ऑक्सफर्डच्या व्यासपीठावरून दिलेल्या प्रवचनाला ते पुढे ऑक्सफर्ड चळवळीचा आरंभ मानत. इंग्लंडच्या चर्चला प्राचीन मुळांशी जोडणारी ही चळवळ न्यूमननी खांद्यावर घेतली, आणि तिच्याच वाटेने ते अशा ठिकाणी आले जिथे त्यांना जायचे नव्हते. 1841 मध्ये, चळवळीच्या पत्रिकामालेतल्या त्यांनी लिहिलेल्या नव्वदाव्या पत्रिकेवर गदारोळ झाला. पुढच्या वर्षी ते लिटलमोर या खेड्यात जाऊन राहिले. तिथे त्यांनी वाचले, लिहिले, उपास केले, स्वतःचे प्रत्येक अनुमान तपासले. 9 ऑक्टोबर 1845 रोजी डॉमिनिक बार्बेरी या इटालियन धर्मगुरूंच्या हातून ते कॅथलिक मंडळीत गेले. ऑक्सफर्ड सुटले, जिवलग सुटले, नाव गेले. कार्डिनलपद त्यांना 1879 मध्ये मिळाले, म्हणजे त्या पावलानंतर 34 वर्षांनी.

लिटलमोरची ही वर्षे गीतावरचे सर्वोत्तम भाष्य आहेत. ‘देवाने सांगितले’ म्हणून विचार थांबवणारे भक्त प्रत्येक धर्मात असतात. न्यूमननी उजेडाची वाट पाहिली ती डोळे मिटून नव्हे. पुढच्या पावलाखाली जमीन आहे याची बुद्धीने खात्री करून घ्यायला त्यांनी वर्षे घातली, आणि खात्री पटल्यावर मात्र किंमत विचारली नाही.

कवीला न विचारता गीत आपल्या वाटेने गेले. 1865 च्या सुमारास जॉन बॅकस डाइक्स यांनी त्याला चाल दिली. गीताची लोकप्रियता त्या चालीची आहे, असे न्यूमन स्वतः म्हणत. फेब्रुवारी 1909 मध्ये इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातल्या वेस्ट स्टॅनली खाणीत स्फोट होऊन 168 माणसे आणि मुले गेली. अंधारात अडकलेल्या एका गटाने सुटकेची वाट पाहताना हेच गीत म्हटले, अशी हकिगत तिथे सांगतात. त्याच्या एक वर्ष आधी, 10 फेब्रुवारी 1908 रोजी, जोहान्सबर्गमध्ये मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी गांधीजींना बेदम मारले. जोसेफ डोक या बाप्टिस्ट पाळकांनी त्यांना आपल्या घरी नेले. बिछान्यावर पडल्यापडल्या गांधीजींनी डोक यांच्या लहान मुलीला, ऑलिव्हला, हे गीत गायला सांगितले. पुढे नरसिंहराव दिवेटिया यांनी त्याचे गुजराती रूपांतर केले आणि पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी सिद्ध केलेल्या, गांधीजींच्या आश्रमाच्या ‘आश्रम भजनावली’त ते आले. गायक पलुस्करांच्या या मराठी शिष्याच्या भजनावलीतून ते असंख्य अख्रिस्ती घरांत पोहोचले. बिकरस्टेथ यांना जे न्यून वाटले होते, त्यानेच गीताला ही दारे उघडून दिली.

13 ऑक्टोबर 2019 रोजी पोप फ्रान्सिस यांनी न्यूमनना संत घोषित केले. केरळच्या मरियम थ्रेसिया यांनाही त्याच दिवशी तो मान मिळाला. संतपदाने गीताचा दर्जा वाढत नाही. तो ठरतो दुसऱ्या कडव्याने. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यांसारखे सुंदर काही इतर कवींनीही लिहिले असते. दुसरे लिहायला स्वतःचा हट्ट ओळखावा लागतो. हे गीत गाणाऱ्यांनी एकदा तरी ते कडवे चालीविना, हळू वाचावे आणि त्यातली कबुली आपली आहे का, हे स्वतःला विचारावे. ती आपली वाटली, तरच एका पावलापुरता उजेड मागण्याला अर्थ आहे.